करवतकाठी बुशशर्ट

देवकी पवनीहून आली, ती पायावर पाणी घ्यायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, आईच्या ट्रंकेची किल्ली कोणापाशी हाय?"

कुसुम पोह्यांसाठी कांदे चिरत होती. अकराला पाहुणे यायचे होते आणि साडेआठ वाजून गेले होते. तिच्या पोरीला, प्रेमलताला, आज उमरेडची मंडळी पाहायला येणार होती. अशा वेळी नणंदेनं ट्रंकेचा विषय काढावा याचं कुसुमला नवल वाटलं नाही. देवकीच्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं; फक्त आधी चहा घेतला असता.

"माह्याच कंबरेले हाय. पण देवकीबाई, आज नाही. पाहुणे गेल्यावर पाहू."

"पाहुणे गेले का माही पाचची बस राह्यते. मांगच्या खेपेलेबी असंच झालं."

मागची खेप म्हणजे सासूबाई अनुसयाबाईंचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी ट्रंक उघडायची ठरली आणि राहून गेली. आत सहा लुगडी होती. सहाही सासरे नत्थूजींनी आपल्या मागावर बायकोसाठी विणलेली, तीस वर्षांत मिळून सहा. दोन सुना आणि एक लेक. प्रत्येकीला दोन आली असती आणि विषय संपला असता. पण सहांतलं एक जांभळं होतं, पिवळ्या करवतकाठाचं, काठाला करवतीसारखे दाते असलेलं. ते तिघींनाही हवं होतं.

"जांभळं तं कोणालेच नाही," चुलीपासून शोभा म्हणाली. ही धाकटी सून. नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या या घरात सासऱ्यांचं दुखलंखुपलं तीच पाहायची. "आज पसंती झाली तं पोराच्या आजीले लुगडं पाठवा लागन. जांभळंच पाठवू म्हणून राहिलो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी अन् वहिनी."

देवकीनं पिशवी खाली ठेवली. "माह्या आईचं लुगडं उमरेडच्या बुढीले? अन् लेकीले कोणी विचारलंबी नाही?"

हे दोघी जावांनी कालच ठरवलं होतं, आणि ठरवताना उमरेडच्या आजीपेक्षा देवकीचाच विचार जास्त झाला होता. कुसुमला ते आठवलं आणि कांद्यानं आधीच भरलेले डोळे तिनं पदरानं पुसले. मग कंबरेची किल्ली काढून देवकीच्या हातात दिली.

"घे बापा. उघड. एकदाचं होऊन जाऊ दे."

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. वर पोपटी लुगडं होतं, त्याखाली हळदी, त्याखाली शेवाळी. त्याखाली एक जुना पेपर अंथरलेला होता. पेपराखाली दोन फाटक्या चादरी होत्या, नीट घडी घातलेल्या, आणि चादरींखाली गोणपाट. तिघी त्या गोणपाटाकडे पाहत राहिल्या.

"तीन कमी हायत," देवकी म्हणाली. "जांभळं, डाळिंबी, मोरपंखी. वहिनी, किल्ली तुमच्या कंबरेले होती."

"किल्ली माह्या कंबरेले, पण कंबर खापरखेड्याले," कुसुम म्हणाली. नवऱ्याच्या पॉवर हाउसच्या नोकरीमुळे ती तिथल्या कॉलनीत राहायची आणि महिन्यातून एकदा इकडे यायची. "ट्रंक इथं राह्यते. इथं जे राह्यतात त्याईले विचार."

इथं राहणारी म्हणजे शोभा. अर्ध्या मिनिटापूर्वी आपल्या बाजूला असलेली जाऊ अशी फिरलेली पाहून शोभाच्या हातातला झारा हातातच राहिला.

"मी? मले ट्रंकेले हात लावायले टाइम तं पाह्यजे! सकाळपासून मामाजीचं पाणी, मामाजीचा चहा. तुम्ही दोघी वर्षातून दोन डाव येता अन्…"

"दोन डाव नाही, बारा डाव," कुसुम म्हणाली.

"मले तं वाटते बिजागरी कोणी खोलली हाय," देवकी ट्रंकेच्या मागे वाकून म्हणाली. "हे पाहा. स्क्रू नवे हायत."

शोभाला एकदम काहीतरी आठवलं. गेल्या महिन्यात दुपारी ती झोपून उठली तेव्हा प्रेमलताच्या मशीनवर जांभळं कापड दिसलं होतं. प्रेमलता दोन वर्षांपासून इथं आजोबांजवळ राहून शिवणक्लासला जात होती. क्लासचं कापड असेल म्हणून शोभा चहा ठेवायला गेली होती. आता तिनं आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. तिथं प्रेमलता तयार होत होती. आज जिला पाहायला येणार त्या पोरीवर चोरीचा आळ घ्यायचा की स्वतःवर येऊ द्यायचा, हे शोभाचं ठरायच्या आत न्हाणीचं दार उघडलं आणि नत्थूजी बाहेर आले.

एकोणसत्तर वर्षांचे नत्थूजी. खाली रोजचं पांढरं धोतर होतं. वर जांभळा बुशशर्ट होता.

अर्ध्या बाह्यांचा. बटनपट्टीच्या दोन्ही बाजूंनी पिवळा करवतकाठ वरून खालपर्यंत उतरत होता, दात्यांसमोर दाते. कॉलर पदराची होती, लाल आडव्या रेघांची. खिशावरही एक काठ तिरपा बसवलेला. नत्थूजींनी केसांना तेल लावून भांग पाडला होता आणि अंगणातल्या उन्हात उभे राहून ते खांद्यावरची शिवण सरळ आहे का पाहत होते.

कुसुमनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला.

"बाबूजी," देवकी म्हणाली, "हे आईचं लुगडं हाय!"

"हाय," नत्थूजी म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे होतं. आता शर्ट हाय."

"अन् डाळिंबी?"

"एका लुगड्यात तीन शर्ट बसतात. तीन लुगड्याचे नऊ व्हाले पाह्यजे होते, पण आठच झाले. मोरपंखीचं एक वाया गेलं, बाही उलटी बसली."

"आठ!" शोभा मटकन पाटावर बसली. एक गोष्ट मात्र झाली होती. तिच्यावरचा आळ गेला होता, आणि तिघी जणी आता एका बाजूला होत्या.

तेवढ्यात बाबनराव पेढे घेऊन आले. नत्थूजींचा हा थोरला मुलगा, कुसुमचा नवरा. पॉवर हाउसमध्ये खाकी कपडे घालून सायरनबरोबर कामावर जाणारा माणूस. घरात कुठे काही वेगळं दिसलेलं त्यांना चालत नसे. वडिलांना पाहून त्यांनी पेढ्यांचा पुडा आधी खाली ठेवला.

"बाबूजी, हे काय घालून राहिले?"

"शर्ट घालून राहिलो."

"अजी, पाहुणे येऊन राहिले! पोराचा बाप हेडमास्तर हाय. काय म्हणन तो? आजोबा लुगडं घालते म्हणन!"

"पाहुणे येऊन राहिले म्हणूनच तं घातला. चांगलं आज नाही तं कवा घालू?"

"काहून पण? धोतर-सदऱ्यात काय वाईट होतं?"

नत्थूजी ओट्यावर बसले. त्यांना बोलायचा कंटाळा होता. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात बसलेला माणूस. त्या आवाजात कोणी बोलत नाही आणि बोललं तर ऐकू येत नाही. पण समोर चौघं उभे होते आणि चौघांनाही उत्तर हवं होतं.

"पन्नास वर्षं शेठ सांगे ते विणलं," ते म्हणाले. "शेठ म्हणे लाल, तं लाल. शेठ म्हणे औंदा बारीक किनार चालते, तं बारीक किनार. माह्या मनचा रंग, माह्या मनचा काठ, असं सहा डावच जमलं. उरल्या सुतातून. ते तिले दिलं. अन् तिनं काय केलं? ठेवलं. जांभळं दोन डाव नेसली, डाळिंबी एक डाव. मोरपंखीची तं घडीबी मोडली नाही. मी म्हणो, नेस वं. ते म्हणे, नेसीन, काही असलं तं नेसीन." ते थांबले. "अन् आता तुम्ही तिघी घरी नेऊन ठेवसान. म्हणून म्हटलं, मीच घालतो. माप माहं, मन माहं."

कुसुमनं विचारलं, "शिवला कोण्या टेलरनं?"

"हाय एक टेलर."

दाराआड प्रेमलताचा हात केसांतल्या पिनेवर थांबला.

तिनं सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदा आबाजींनी लुगडं मशीनवर आणून ठेवलं तेव्हा तिची कात्री चालेना. आबाजी म्हणाले होते, मी विणलं, मी सांगून राहिलो, काप. मग एकदा कापल्यावर तिला असा काही रंग चढला की काठ कुठे बसवायचा, पदराची कॉलर कशी काढायची, यात दुपारच्या दुपार गेल्या. क्लासमध्ये सगळ्या पोरी एकाच मापाची एकाच रंगाची झबली शिवायच्या. हे मात्र तिचं होतं. आणि आता ते तिचं आहे हे बाहेर कळलं, तर आई आधी रडेल, मग पाहुणे परत जातील, मग वडील महिनाभर जेवताना बोलणार नाहीत. आबाजी नाव सांगत नव्हते. तिनं पीन खोचली आणि गप्प राहायचं ठरवलं.

नत्थूजी शर्ट काढायला तयार होईनात. अकराला दहा कमी असताना बाबनरावांनी घरातली शाल आणली आणि वडिलांच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"ताप आला हाय म्हणू," ते बायकोला म्हणाले.

फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं होतं.

पाहुणे तिघं होते. पोराचे वडील गोपाळराव, उमरेडच्या शाळेत हेडमास्तर, शर्टाचं गळ्याचं बटनसुद्धा लावलेले. आजोबा देवाजी, नत्थूजींच्याच वयाचे, तेही जन्मभर मागावर बसलेले. आणि पोरगा चंद्रभान, नागपुरात तारघरात नोकरीला. कॉफी रंगाची बेलबॉटम घालून तो खुर्चीच्या काठावर बसला होता. पँटीचा घेर एवढा की चपला दिसत नव्हत्या.

"ह्यांना बरं नाही का?" गोपाळरावांनी शालीकडे पाहून विचारलं.

"थंडी वाजून राहिली," बाबनराव म्हणाले.

नत्थूजींच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला आणि तिथून शालीवर पडला.

"घाम फुटला म्हणजे ताप उतरून राहिला," देवाजी म्हणाले. "आता शाल काढा बापा."

"नाही, नाही," बाबनराव म्हणाले.

"अजी, काढा. उतरत्या तापात पांघरूण कायले?" आणि देवाजींनी आपल्या हातानं शाल ओढली.

स्वयंपाकघराच्या दारात तिघी उभ्या होत्या. शोभानं डोळे मिटून घेतले.

देवाजींच्या हातात शाल तशीच राहिली. ते खुर्ची ओढून नत्थूजींच्या अगदी जवळ बसले आणि बुशशर्टाचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं, चोळलं, उलटं करून पाहिलं.

"ऐंशी नंबरचं सूत?"

"ऐंशी."

"काठ तीन धोट्याईवर विणला?"

"तीन."

देवाजींचं बोट बटनपट्टीवरून दाता दाता मोजत खाली गेलं आणि पोटाशी थांबलं. "इथं एक दाता चुकला हाय."

"चुकला नाही," नत्थूजी म्हणाले. "त्या वक्ती आतून आवाज आला का पोरगा झाला. मी मागावरून उठून पळालो. परत येऊन बसलो तं मोजणी विसरली होती." त्यांनी मानेनं बाबनरावांकडे दाखवलं. "हा झाला होता."

बाबनराव सकाळपासून ज्या शर्टापासून नजर चोरत होते, त्याच्याकडे त्यांनी आता पहिल्यांदा नीट पाहिलं. पोटाजवळ, चौथ्या बटनाशी, एका दात्याची जागा रिकामी होती. त्यांनी उगाच पेढ्यांचं ताट पुढे केलं.

गोपाळरावांनी पेढा घेतला नाही. "म्हणजे हे लुगडं आहे?" ते म्हणाले. ते शाळेत बोलत तसंच घरीही बोलत. "वारलेल्या माणसाचं लुगडं कापून शर्ट केला? बाबनरावजी, राग मानू नका, पण ह्यांची तब्येत… म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना?"

स्वयंपाकघराच्या दारातून देवकी एकदम पुढे आली.

"डोकं काहून नसन ठिकाणावर? त्याईनं विणलं, त्याईनं घातलं. माह्या आईचं लुगडं होतं, मले काही वाटलं नाही, तुम्हाले काहून वाटून राहिलं?"

मागे उभ्या कुसुमनं तिचा पदर ओढला, पण फार जोरात नाही. शोभाही एक पाऊल पुढे आली होती.

याच वेळी प्रेमलता चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आईनं सांगितलं होतं, मान खाली, नाव विचारलं तर नाव सांगायचं, बाकी काही नाही. मान खाली होती म्हणून तिला खोलीतले चेहरे दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त पाय, आणि पायांत सगळ्यात मोठी जागा व्यापलेली ती कॉफी रंगाची बेलबॉटम.

"शिवला मात्र फाकडा हाय," देवाजी म्हणत होते. "दाते कसे समोरासमोर बसवले पाहा. कोण्या टेलरचं काम?"

"हाय एक टेलर," नत्थूजी म्हणाले.

"मी शिवला," प्रेमलता म्हणाली.

ट्रेमधले कप वाजले. कुसुम भिंतीला टेकली.

"आजीच्या लुगड्याला कात्री लावताना," गोपाळराव सावकाश म्हणाले, "हात थरथरला नाही?"

"थरथरला. म्हणून पहिल्या दिवशी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी कापलं."

"आमच्या घरात हे चालत नाही. वडीलधाऱ्यांच्या वस्तू आम्ही जपून ठेवतो. कपाटातल्या कपड्याला घरातलं कोणी हात लावत नाही."

प्रेमलताची मान खालीच होती. ती बेलबॉटमकडे पाहत होती, आणि तिला राहवलं नाही.

"काकाजी, चालते तुमच्या घरात," ती म्हणाली. "ह्या पँटीले घेरासाठी मांगून कळ्या लावल्या हायत. पँट टेरीकॉटची हाय, अन् कळी गरम कापडाची. जुन्या कोटाची. अस्तराच्या टाक्यांची भोकंबी दिसून राहिली."

चंद्रभाननं दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. पण पँटीचा घेर खुर्चीखाली मावणारा नव्हता.

गोपाळरावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ते वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"चंद्रभान," ते खालूनच म्हणाले, "हा माझा कोट आहे."

"कोणता कोट गा?" देवाजींनी विचारलं.

"लग्नातला!"

"बाबा, त्याले कसर लागली होती," चंद्रभान म्हणाला.

"एका बाहीला लागली होती!"

"मी तेच बाही घेतली."

"आणि हा दुसरा पाय?"

चंद्रभाननं त्या पायाकडे पाहिलं. "एक बाही गेल्यावर कोट तसाही घालता आला नसता," तो म्हणाला. "मग दुसरीबी घेतली."

देवाजी हसायला लागले. ते इतके हसले की नत्थूजींनी उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "पंचवीस वर्षं झाली, कपाटात टांगून ठेवला होता," देवाजी खोकत म्हणाले. "एक डाव घातला, लग्नात. तवाबी त्याले टोचत होता. लेका, चांगलं केलं."

गोपाळराव सरळ बसले. चष्मा काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. तो रागानं की कशानं, हे बाबनरावांना कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा पेढ्यांचं ताट पुढे केलं. या खेपेला गोपाळरावांनी पेढा घेतला.

चंद्रभान मात्र प्रेमलताकडे पाहत होता. "घोळ नीट पडत नाही," तो म्हणाला. "चाललो का पायात अडकते. दोन डाव उसवली. काहून होते असं?"

प्रेमलतानं पहिल्यांदा मान वर केली. कान लाल, मिशी नवी, आणि डोळ्यांत खरोखरच पँटीची काळजी.

"कळी आडव्या सुताची लावली तुम्ही. उभ्या सुताची पाह्यजे. उसवून आणून द्या, मी लावून देईन."

"कवा आणू?"

"चंद्रभान!" गोपाळराव म्हणाले.

चहा निवाला होता. शोभानं तो परत नेला आणि दुसरा आणला. गोपाळरावांनी तो सावकाश घेतला. घरातली सगळी माणसं त्यांच्या घोटांकडे पाहत होती. कप ठेवून त्यांनी रुमालानं ओठ टिपले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. पण एक अट आहे."

बाबनरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"लग्नानंतर," गोपाळराव प्रेमलताला म्हणाले, "माझ्या घरातल्या कोणत्याही कपड्याला कात्री लावायच्या आधी मला सांगायचं."

प्रेमलतानं थोडा विचार केला. "सांगीन काकाजी," ती म्हणाली. "पण विचारीन नाही."

वर्गातल्या एखाद्या मुलानं गणिताच्या पायऱ्या न लिहिता उत्तर बरोबर काढावं, तेव्हा गोपाळराव त्याच्याकडे जसे पाहत, तसे ते तिच्याकडे पाहत राहिले.

"कुंकू आणा," देवाजी म्हणाले. "हा दुसरा पेढा घेऊन राहिला. म्हणजे हो हाय."

पाहुणे गेले तेव्हा दोन वाजले होते. उमरेडच्या आजीसाठी हळदी लुगडं गेलं, आणि देवाजींच्या हट्टानं त्यांच्यासाठी डाळिंबी बुशशर्ट. तो त्यांना खांद्यात घट्ट होत होता, पण ते तो घालूनच बसस्टँडला गेले. आता ट्रंकेत दोन उरली, पोपटी आणि शेवाळी. कुसुम आणि शोभा त्या दोन घड्यांकडे पाहत दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघीही त्या घड्या देवकीपाशी सोडून भांडी घासायला निघून गेल्या.

देवकी ट्रंकेजवळ बसून राहिली. नत्थूजी येऊन शेजारी बसले.

"जांभळं तुले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "मले माहीत होतं. तरी कापलं."

"मले जांभळं नव्हतं पाह्यजे, बाबूजी. मले वाटे, त्याले आईचा वास येत असन."

"नाही येत. मी पाह्यला. डांबरगोळ्याचा येते."

देवकी हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. नत्थूजी पोपटी लुगड्याची घडी उचलून तिच्या मांडीवर ठेवत म्हणाले, "हे मी तुह्या जन्माच्या साली विणलं. तिनं घडी नाही मोडली. तू मोड. आत्ताच नेस."

"आत्ता? अजी, मले बसनं जायचं हाय. धुळीचं."

"मग धुळीत नेस."

साडेचारला रिक्षा आली. देवकी आतून बाहेर आली ती पोपटी लुगडं नेसून. सकाळी नेसून आलेलं पातळ पिशवीत होतं. वर्षानुवर्षांच्या घडीच्या रेघा लुगड्यावर उभ्या-आडव्या पडल्या होत्या, आणि नव्या कापडासारखं ते चालताना सळसळत होतं. नत्थूजींनी पदराचा काठ हातात धरून उन्हात पाहिला आणि सोडून दिला. रंग तसाच होता.

रिक्षा वळली तशी कुसुम फाटकापर्यंत धावत गेली. "अवं देवकीबाई, पदर चाकात जाऊन राहिला! आवर! माखून जाईन ना सारं!"

देवकीनं पदर मांडीवर ओढून घेतला, पण मागे वळून न पाहताच ती मोठ्यानं म्हणाली, "माखू दे, वहिनी!"